गुडघ्याचा जिम्मा

परक्या देशातली माझी खोली शाळेच्या मागच्या गल्लीत, शिवणकाम करणाऱ्या एका बाईंच्या घरात वरच्या मजल्यावर होती. दार उघडताना ते आधी आपल्याकडे ओढायचं आणि मग किल्ली फिरवायची, हे मला कळेपर्यंत मी बराच वेळ जिन्यात बसून काढला. खिडकी चार बोटं उघडायची, त्यापुढे हलायची नाही. गरम पाणी नळापर्यंत पोचायला दात घासून होतील एवढा वेळ लागायचा, म्हणून मी आधी नळ सोडायचे आणि मग ब्रशला पेस्ट लावायचे. असल्या गोष्टी शोधून काढायला मला आवडतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवीन उपकरण आलं की आम्ही माहितीपत्रक न वाचता त्याची बटणं दाबून बघायचो, तसंच काहीसं. फक्त इथे माहितीपत्रक कोणी दिलंच नव्हतं.

शाळा ख्रिस्ती होती आणि मीही ख्रिस्ती, तेव्हा निदान तिथे तरी काही शोधून काढावं लागणार नाही अशी माझी समजूत होती. प्रार्थना, गीतं, बायबलचा उतारा, सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. आईने आयुष्यभर मिशनच्या शाळेत पहिली ते चौथीला शिकवलं. मी चालायला लागले तीच तिच्या वर्गातल्या बाकांना धरून.

पहिल्याच सोमवारी माझी समजूत चुकली.

माझ्याकडे दहा-अकरा वर्षांच्या मुलांचा वर्ग होता, आणि विज्ञान. सोमवारी पहिला तास प्रार्थनेचा. मुख्याध्यापिका स्वतः वर्गात आल्या. उंच, पांढरे केस कानामागे घट्ट बसवलेल्या, आवाज मात्र एखाद्या तरुण मुलीचा. मुलांना म्हणाल्या, "आज टीचर नवीन आहेत, तेव्हा पहिलं मागणं त्यांचं." मग माझ्याकडे वळून, "तुम्हाला कशासाठी प्रार्थना हवी आहे?"

आमच्या मंडळीतही हे होतं. पाळकसाहेब उपासनेच्या शेवटी आजाऱ्यांची नावं घेतात, सगळे आमेन म्हणतात आणि चपला शोधायला लागतात. मला वाटलं, इथेही तसंच. कसं काय, ठीक ना, याच्याच जातीचा प्रश्न. खरं उत्तर माझ्या ओठावर होतं, की मला इथे करमत नाही. पण नोकरीच्या पहिल्या सोमवारी, मुख्याध्यापिकांसमोर, मुलांच्या देखत, असं कोण सांगतं? त्या जागी बसेल असं काहीतरी छोटं, निरुपद्रवी मी शोधलं आणि म्हणाले, "माझ्या आईचा गुडघा दुखतो."

मला वाटलं, झालं.

पण मुख्याध्यापिका म्हणाल्या, "कोण घेतंय?" आणि तिसऱ्या बाकावरून हात वर आला.

त्या शाळेची रीत अशी होती. प्रत्येक मागणं एका मुलाच्या जिम्म्यावर जायचं. त्याने ते रोज लक्षात ठेवायचं आणि दर सोमवारी उभं राहून विचारायचं, की आता कसं आहे. मागणं मिटेपर्यंत सुटका नाही. एका मुलाकडे कोणाच्या तरी हरवलेल्या मांजराचा जिम्मा होता आणि मांजर न सापडल्यामुळे तो वर्षभर मांजरच वाहत होता.

आईचा गुडघा जिने घेतला, तिला मी मनातल्या मनात शंकासुरबाई म्हणायला लागले. तिला सगळ्याचं का आणि कसं हवं असायचं. बर्फ पाण्यावर का तरंगतो, हे सांगितलं तर मग घट्ट मेण वितळलेल्या मेणात का बुडतं, हे तिचं पुढचं. हात वर करायची आणि कोणी लक्ष दिलं नाही तर दुसऱ्या हाताने कोपराला आधार द्यायची, पण हात खाली घ्यायची नाही. त्या दिवशी तिचा पहिला प्रश्न होता, "उजवा की डावा?"

मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल लावला. आई खुर्चीत बसलेली, मागे कपाटाचा कोपरा.

"आई, गुडघा उजवा दुखतो की डावा?"

"का गं? तुला आत्ताच कशी आठवण झाली?"

मी घडलेलं सांगितलं.

"म्हणजे परक्या देशात जाऊन, भरवर्गात, माझा गुडघा काढलास? दुसरं काही मिळालं नाही सांगायला? डोळ्याला चष्मा लागलाय म्हणायचं, सर्दी म्हणायचं. सर्दीला काही इज्जत असते."

"आई, मुलं प्रार्थना करणार आहेत."

"किती मुलं?"

"वर्गभर."

"अरे देवा," आई म्हणाली, आणि मग, "उजवा सांग."

पुढच्या सोमवारी मी उजवा सांगितलं. त्याच्या पुढच्या सोमवारी शंकासुरबाईंनी विचारलं की चालताना दुखतो की बसताना. मुलांना आमच्या भाषेतला शब्द हवा होता, तो मी सांगितला. मग जेवणाच्या सुट्टीत, जिन्यावर, पाण्याच्या नळापाशी, जिथे भेटतील तिथे मुलं मला "गुडघा?" म्हणून विचारायला लागली. शिपाईकाकांनाही तो शब्द आला. त्या देशात आमच्या भाषेचा प्रवेश झाला तो असा.

आणि आई बरी व्हायला लागली. आधी "जरा फरक आहे", मग "पुष्कळ बरं आहे", मग एका रविवारी, "एकदम बरा झाला बघ. जिना धावत चढते." मी सोमवारी वर्गात सांगितलं तेव्हा मुलांनी बाकं वाजवली. शंकासुरबाई वाजवत नव्हत्या. त्या नुसत्या बसून हसत होत्या, एखाद्याने मोठं ओझं उतरवून ठेवावं आणि हात मोकळे झाल्याचं नवल करावं, तशा. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की मी इथे टिकेन.

मावशीचा फोन आला तो त्यानंतर थोड्याच दिवसांनी. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आमच्या शेजारीच राहते. तिच्या पोटात काही राहत नाही, म्हणून आई तिला काही सांगतच नाही. पण भिंत एकच असल्यामुळे तिला सगळं कळतं.

"तुझ्या आईने तुला काय सांगितलंय?" मावशीने विचारलं.

"गुडघा बरा झाला म्हणून."

"डोंबल बरा झाला. स्वयंपाकघरातलं स्टूल ढकलत ढकलत घरभर फिरते. पहाटे त्या स्टुलाच्या आवाजाने मला जाग येते. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन करा, अजून थांबलात तर पाय असाच वाकडा राहील. ही म्हणते, बघू. मी काही सांगितलेलं नाही हां तुला."

फोन ठेवल्यावर मी खाटेवर बसले आणि गेल्या सगळ्या कॉल्सचा विचार केला. आई प्रत्येक वेळी बसलेली. प्रत्येक वेळी मागे तोच कपाटाचा कोपरा. दोन महिन्यांत मी तिला एकदाही उभी बघितली नव्हती, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. निरीक्षण हा माझा विषय. मुलांच्या वहीत मी लाल शाईने लिहीत असते, की स्वतः बघा, मग लिहा.

त्याच संध्याकाळी मी आईला म्हटलं, "आई, उभी राहा बघू."

"कशाला? कवायत आहे?"

"मग फोन खाली धर. पाय दाखव."

"शी. पायात काय बघायचंय? जेवलीस का तू?"

"आई, स्टूल कुठंय?"

आई म्हणाली, "त्या बयेने सांगितलं ना? तिच्या तोंडाला कुलूपच लावायला हवं."

"तू मला खोटं का सांगितलंस?"

"तुला नाही सांगितलं," आई म्हणाली. "त्या लेकरांना सांगितलं. तू म्हणालीस ना, ती पोरगी रोज मागते म्हणून. रोज. तिला काय सांगणार होतीस? की देवाने ऐकलं नाही? एवढ्याशा मुलीचा विश्वास उडवायचा, तोही माझ्या गुडघ्यापायी? त्यापेक्षा बरा झाला म्हटलेलं काय वाईट? माझं काय, मी स्टुलाने भागवते."

मी ऑपरेशनचं काढलं. आई म्हणाली, बरा झाला म्हणून सांगून झालं, आता ऑपरेशन केलं तर लोक काय म्हणतील? लोक म्हणजे माझा वर्ग. शिवाय ऑपरेशन म्हटलं की मी नोकरी सोडून धावत येणार, हेही ती धरून चालली होती. पहिल्या वर्षात एवढी रजा मिळत नाही, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. एकूण तिने सगळं गणित मांडून ठेवलेलं होतं आणि उत्तर म्हणून स्वतःचा पाय लिहिला होता.

सकाळी मी मुख्याध्यापिकांच्या खोलीत गेले. त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "आता मुलांना काय सांगायचं ते मला कळत नाही. खरं सांगितलं तर त्यांचा विश्वास डळमळेल. नाही सांगितलं तर आई तशीच राहील."

त्यांनी झारी खाली ठेवली. "गुडघा बरा होईल असं मुलांना कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"आपण त्यांना फक्त विचारत राहायला शिकवतो. मांजरवाल्याचं बघा. ते मांजर आता सापडणार नाही, त्यालाही ठाऊक आहे. पण ज्या मुलाचं मांजर हरवलं, त्याच्याशी तो दर सोमवारी बोलतो." मग त्या जरा हसल्या. "आणि तुमच्या वर्गाची काळजी करू नका. ती मुलं तुमच्या आईपेक्षा घट्ट आहेत."

सोमवारी मी फळ्याकडे पाठ करून उभी राहिले आणि सांगून टाकलं. गुडघा बरा झालेला नाही. उलट जास्त दुखतो आहे. मागच्या वेळी मी सांगितलं ते चुकीचं होतं.

कोणी रडलं नाही, कोणाचा विश्वास उडालेला दिसला नाही. शंकासुरबाईंचा हात वर गेला.

"रीडिंग कोणी घेतलं होतं?"

"माझ्या आईनेच सांगितलं होतं."

"म्हणजे आपण बघितलं नव्हतं. नुसतं ऐकलं होतं." तिने हे आरोप म्हणून म्हटलं नाही. प्रयोग कुठे फसला ते शोधावं तसं म्हटलं. "मग आता बघू या ना."

आमचा त्या महिन्याचा धडा योगायोगाने सांध्यांचाच होता. हाडं, स्नायू, तरफ. मी मुख्याध्यापिकांची परवानगी घेतली. आईची घेणं अवघड गेलं. ती म्हणाली, काहीतरीच काय, मी काय प्राणिसंग्रहालयात आहे? मग म्हणाली, मुलांना इतकंच बघायचं असेल तर बघू देत, पण मी बसूनच बोलणार. मग तिने विचारलं की साडी कुठली नेसू, तेव्हा मला कळलं की ती तयार झाली.

ठरलेल्या दिवशी पडद्यावर आई आली. इस्त्रीची साडी, केस चापूनचोपून बसवलेले, आणि फोन धरायला मावशी. मावशीचा अंगठा अर्ध्या पडद्यावर होता.

"अगं, बोट काढ," आई म्हणाली.

"कुठलं बोट?"

"तुझंच. माझं कसं असेल?"

अंगठा गेला. वर्गाने आईला नमस्कार केला. मी मध्ये दुभाषी. आईने वर्गावर नजर फिरवली, पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत, आणि मला म्हणाली, "खिडकीजवळच्याला सरळ बसायला सांग." मी सांगितलं. तो सरळ बसला.

"यांना सांग, गुडघा छान आहे," आई म्हणाली. "तुझी मावशी उगाच बोलते."

मी भाषांतर करणार एवढ्यात शंकासुरबाईंचा हात वर गेला. आईने तो बघितला. मी थांबले. हात तसाच राहिला, मग दुसऱ्या हाताचा कोपराला आधार लागला.

"तिला विचारू दे," आई म्हणाली.

"आजी, तुम्ही कशालाही न धरता उभ्या राहू शकता का?"

मी ते आईला सांगितलं. मी वाट बघत होते, की आता ती विषय बदलेल, जेवण काढेल, हवा कशी आहे विचारेल. आईने डॉक्टरांना टोलवलं होतं, पाळकसाहेबांना टोलवलं होतं, मला तर दोन महिने. पण ती त्या उचललेल्या हाताकडेच बघत होती.

"नाही," आई म्हणाली. "सांग तिला. नाही राहता येत." आणि मग मावशीला, "जा, ते स्टूल आण."

मावशी फोनसकट स्टूल आणायला गेली, त्यामुळे आम्हाला आमचं सगळं घर उलटंसुलटं दिसलं. छत, पंखा, माझं जुनं टेबल.

आई स्टुलाला धरून उठली. मग आडवी वळून तिने पाय जमेल तेवढा सरळ केला. तो सरळ होत नव्हता. शंकासुरबाई कंपासपेटीतलं कोनमापक घेऊन पुढे आल्या आणि खुर्चीवर चढून त्यांनी पडद्यावर मोठ्या दिसणाऱ्या आईच्या गुडघ्यावर ते धरलं.

"तिरकं धरलंय तिने," आई स्टुलाला धरूनच म्हणाली. "खालची रेघ मांडीच्या रेषेवर यायला हवी. सांग तिला. पाय दुखतोय, लवकर सांग."

रीडिंग घेतलं. आणखी दोघांनी पुन्हा घेतलं. मग आई खाली बसली आणि पदराने कपाळ पुसलं.

"डॉक्टर काय म्हणाले?" मुलीने विचारलं.

"ऑपरेशन म्हणाले."

"मग का नाही करत?"

मी सांगितल्यावर आई मावशीकडे बघून म्हणाली, "तू जरा बाहेर जा."

"मी गेले तर फोन कोण धरणार?"

आईने सुस्कारा टाकला. मग कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाली, "भीती वाटते. मागे आमच्या शाळेतल्या एका बाई गेल्या होत्या ऑपरेशनला, त्या परत आल्या नाहीत. तुझ्या वर्गाला हे सांगायची गरज नाही. पण तिने विचारलंय, तर सांग."

मला हे ठाऊक नव्हतं. मावशीलाही नव्हतं. फोन थोडा हलला. मी ते वाक्य वर्गाला सांगितलं, आणि इतकं साधं वाक्य सांगायला मला इतका वेळ लागला, की पुढच्या बाकावरच्या एकाने माझ्यासमोर पाण्याची बाटली सरकवली.

शंकासुरबाई अजून खुर्चीवरच उभ्या होत्या. कोनमापक हातात. "मला दाताची वाटली होती," ती म्हणाली. "मांजराच्या आधी माझा जिम्मा मांजरवाल्याकडे होता. त्याने माझं मागणं बदललं. दात बरा होऊ दे म्हणायचं सोडून, हिला डॉक्टरांच्या खुर्चीत बसता येऊ दे म्हणायला लागला. मी रडले, पण बसले."

आईने ते ऐकून घेतलं. मग तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तिला सांग, गुडघ्याचं राहू दे आता," आई म्हणाली. "भीतीचं माग म्हणावं."

ऑपरेशन झालं तेव्हा मी गेले नाही. आईने येऊ दिलं नाही. रविवारी मावशीने फोन धरला, यावेळी अंगठा न आणता, आणि आई वॉकर धरून दाराशी उभी राहिली. स्टूल स्वयंपाकघरात परत गेलं होतं. मावशी म्हणाली, स्टुलाच्या आवाजाशिवाय पहाटे जाग येत नाही म्हणून आता तिचं दारातलं दूध नासतं. डॉक्टरांनी दिलेला व्यायाम झाला की आई मला पायाचा फोटो पाठवायला लागली, बाजूने काढलेला, खाली मुलांसाठी सूचना: खालची रेघ मांडीवर. वर्गाच्या भिंतीवर गुडघ्याच्या कोनाचा आलेख चढत गेला आणि एका सोमवारी तो थांबला, कारण पाय सरळ झाला होता.

त्याच संध्याकाळी आईने विचारलं, "आता त्या पोरीकडे कोणाचं मागणं आहे?"

"कोणाचं नाही. मोकळी आहे."

"आणि तुझं कोणाकडे आहे?"

"माझं काय?"

"तेच विचारतेय. इतके महिने माझा गुडघा पुढे करून बसलीस." आई जराशी हसली, पण डोळे माझ्यावरच होते. ती उभी राहून बोलत होती. "तू जेवताना खिडकीकडे तोंड करून बसतेस, माझ्याकडे नाही. मला काय दिसत नाही का?"

पुढच्या सोमवारी मागण्यांची वेळ आली तेव्हा मीच बोलायला सुरुवात केली.

"माझं एक आहे," मी म्हणाले. "मला इथे रविवारी करमत नाही."

दाराशी मुख्याध्यापिका उभ्या होत्या. त्यांनी चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. तिसऱ्या बाकावरचा हात वर गेला, सरळ.

"मी घेते," शंकासुरबाई म्हणाल्या. मग जरा विचार करून, "रविवारी दिवसभर, की एखाद्या ठरावीक वेळी?"

उजवा की डावा, याचं उत्तर मला तेव्हा आलं नव्हतं. हे येत होतं.

"दुपारी," मी म्हणाले. "जेवण झाल्यावर. भांडी घासून झाली की."